पेट्रोलिंग सॉफ्टवेअरचा खर्च मी गार्डच्या तासात का मोजते

आमच्याकडे पेट्रोलिंगचं सॉफ्टवेअर आहे, गार्डने कुठे आणि कधी राऊंड मारला त्याची फोनवर स्कॅन करून नोंद ठेवणारं. त्याच्या मागच्या रिन्यूअलचं बिल आलं तेव्हा मी पहिल्यांदा त्याची शेवटची पानं नीट वाचली. एरवी काय व्हायचं, वरची रक्कम बघायची, गेल्या वर्षीपेक्षा जास्त दिसतेय म्हणून दोन शब्द बोलायचे आणि अकाउंट्सकडे पाठवून द्यायचं. यावेळी मागे यूजरची यादी जोडलेली होती, ११२ नावं. मी हजेरीची शीट शेजारी उघडली आणि पेन्सिल घेऊन एकेक नाव टिक करत गेले. ३१ नावं अशी निघाली की ती माणसं आता आमच्याकडे नाहीतच. कोणी सहा महिन्यांपूर्वी सोडलेलं, कोणी आठ, एक जण तर फक्त अकरा दिवस ड्युटी करून गेला होता आणि त्या अकरा दिवसांसाठी आम्ही अख्ख्या वर्षाचं लायसन्स भरलं होतं. आणि उलट बाजूनं चार रिलीव्हर (सुट्टीवरच्या गार्डच्या जागी येणारे) असे सापडले की ज्यांचं नाव यादीतच नव्हतं, ते दुसऱ्याच्या लॉगिनवर राऊंड मारत होते. म्हणजे रेकॉर्डवर ज्याच्या नावाने राऊंड दिसतोय तो माणूस त्या रात्री घरी झोपलेला. पैसे गेले ते वेगळंच, पण त्या रात्री काही झालं असतं तर आम्ही क्लायंटपुढे काय ठेवलं असतं, हा विचार मनात आला आणि मी ती पेन्सिल खाली ठेवली.

मी सिक्युरिटी कंपनीत ऑपरेशन्स बघते, बरीच वर्षं झाली. पेट्रोलिंगचं सॉफ्टवेअर दोनदा बसवलंय, पहिल्यांदा घाईत आणि दुसऱ्यांदा सगळं मोजून. या धंद्यात नवीन आलेले लोक ओळखीने फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, साधारण कितीला पडतं?" याचं एका आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण कोटेशनवरचा रेट कशामागे लावलाय ते आधी बघावं लागतं. कोणी डोकी मोजतं, कोणी फोन मोजतं, कोणी साइट, कोणी चेकपॉइंट (राऊंडमध्ये गार्डने जाऊन स्कॅन करायची जागा), एखादा स्कॅनसुद्धा मोजतो. आणि आपण कमावतो कशात? तासात. क्लायंट आपल्याला पोस्टच्या, म्हणजे गार्ड उभा करायच्या एका जागेच्या, तासाचे पैसे देतो. बिल एका मापाने येतं आणि कमाई दुसऱ्या मापाने होते, आणि मधल्या फटीतून पैसा गळत राहतो, कोणाच्या लक्षातही येत नाही.

एक चोवीस तासांची पोस्ट घ्या. आठवड्याचे झाले १६८ तास. एक गार्ड आठवड्याला ४८ तास करत असेल तर त्या एका पोस्टला साडेतीन माणसं लागतात, सुट्ट्या, आजारपण, ऐनवेळची दांडी धरली की चार. म्हणजे अशा २० पोस्ट असतील तर माणसं ८०, पण राऊंडचे फोन २०च, कारण फोन पोस्टवर राहतो आणि माणसं बदलतात. आता एकाने माणशी रेट दिला, दुसऱ्याने फोनमागे दिला, आणि फोनचा रेट माणशी रेटच्या तिप्पट आहे. कागदावर बघितलं की माणशी रेट स्वस्त वाटतो, डेमो देणाराही तोच आकडा मोठ्या अक्षरात दाखवतो. हिशोब केला की एकीकडे ८० आणि दुसरीकडे २० गुणिले ३ म्हणजे ६०. तिप्पट दिसणारा रेटच स्वस्त पडला. आणि त्यात वर्षभरात निम्मी माणसं बदलली (आमच्या धंद्यात हे काही जगावेगळं नाही) तर नावं होतात १२०, आणि लायसन्स जर एकदा दिलेल्या नावालाच चिकटून राहणार असेल तर ६० विरुद्ध १२०, सरळ दुप्पट.

म्हणून माणशी रेट घ्यायचाच असेल तर एक गोष्ट लेखी विचारून घ्या, सोडून गेलेल्याचं लायसन्स त्याच दिवशी नव्या माणसाला देता येतं का, आणि मोजताना तुम्ही एका वेळी चालू असलेली नावं मोजता की वर्षभरात उघडलेली सगळी. तोंडी सगळेच हो म्हणतात. बिल मात्र कागदावर जे लिहिलंय त्याप्रमाणे येतं.

आता फोनमागे रेट हेच कायम बरोबर असंही नाही. गाडीतून फिरणारं पेट्रोल असेल, एकच गार्ड रात्रीत पंधरा साइट फिरतोय, तर तिथे फोनमागचा रेट सोन्यासारखा आणि साइटमागचा रेट मारून टाकणारा, कारण त्या पंधरातल्या प्रत्येक साइटवर तो जेमतेम वीस मिनिटं थांबतो. उलट एकाच मोठ्या आवारात दहा पोस्ट असतील तर साइटमागे रेट छान पडतो. आणि चेकपॉइंटमागे पैसे घेणाऱ्यांपासून मी लांबच राहते, ते स्वस्त असलं तरी. कारण तिथे खर्च कमी करायचा म्हटलं की पहिला हात चेकपॉइंटवरच पडतो, आणि कापला कोणता जातो? जिथे कोणी जात नाही तो, मागच्या भिंतीचा, पंपरूमचा, जिन्याखालचा. म्हणजे जिथे गार्डने जायलाच हवं तीच जागा बिल कमी करण्यासाठी राऊंडमधून बाहेर.

या सगळ्या घोळातून बाहेर पडायला मी एक सवय लावून घेतली. कुठलाही खर्च आला की तो पैशात लिहायचाच, पण शेजारी तो गार्डच्या तासात लिहायचा. म्हणजे हा खर्च भरून काढायला मला क्लायंटकडून किती तासांचं बिल लागेल. महिन्याला एका चोवीस तासांच्या पोस्टचे सरासरी ७३० तास होतात, ८७६० भागिले १२. समजा सॉफ्टवेअर, फोन, इंटरनेट, टॅग, सगळं धरून एका पोस्टमागे महिन्याचा खर्च ७.३ तासांच्या बिलाइतका आला. म्हणजे बरोबर एक टक्का. ऐकायला किती छोटं वाटतं, एक टक्का! पण आपलं मार्जिन काही शंभर टक्के नसतं. समजा सॉफ्टवेअर सोडून बाकी सगळं जाऊन ६ टक्के उरतात, म्हणजे ७३० तासांतले जवळजवळ ४४ तास आपले. त्यातले ७ तास सॉफ्टवेअर घेऊन गेलं. नफ्याचा सहावा हिस्सा. हे एकदा असं मांडलं की मीटिंगमध्ये सगळे ताठ बसतात, मालकसुद्धा.

हा राऊंड मोजण्याचा प्रश्न तसा जुनाच आहे. १८५५ मध्ये जर्मनीतल्या श्वेनिंगेनमध्ये योहानेस ब्युर्क यांनी पहारेकऱ्याने खांद्याला अडकवून न्यायचं घड्याळ काढलं. प्रत्येक ठिकाणी एक किल्ली साखळीने बांधलेली असायची, पहारेकरी तिथे जायचा, किल्ली घड्याळात घालून फिरवायचा आणि आतल्या कागदावर त्या किल्लीची खूण त्या वेळेला उमटायची. सकाळी साहेब झाकण उघडून कागद बघणार. पुढच्या काळातल्या घड्याळांमध्ये तर मधेच झाकण उघडलं तरी त्याची खूण कागदावर यायची, म्हणजे फसवाफसवीचा विचार तेव्हाही केलेला होता. मला त्यात खर्चाची एक गोष्ट फार आवडते, घड्याळ एकदा विकत घेतलं की नंतर फक्त कागद लागायचा. नंतर दांडीसारखे रीडर आले, गार्ड भिंतीवरच्या बटणाला दांडी टेकवतो आणि सकाळी ती कॉम्प्युटरला लावून रिपोर्ट काढायचा, तेही एकदाच विकत घ्यायचं. आता आपण भाड्याने राहतो, दर महिन्याला, आणि भाडं थांबलं की रेकॉर्डही थांबतं. ज्याच्याकडे चार-पाच साइट आहेत आणि ज्याच्या क्लायंटला त्याच क्षणी अलर्ट नकोय, सकाळी रिपोर्ट मिळाला तरी चालतंय, त्याला मी आजही दांडीच घ्यायला सांगते. त्याने तिथेच थांबावं, पुढचं वाचायचीही गरज नाही.

बाकीच्यांसाठी पुढचा खर्च टॅगचा, म्हणजे प्रत्येक चेकपॉइंटवर लावायच्या आणि फोनने स्कॅन करायच्या खुणेचा. क्यूआर कोड फुकटात पडतो, छापला आणि चिकटवला. आम्ही पहिल्यांदा तेच केलं. तीन महिन्यांनी एका साइटचे राऊंड इतके सुबक यायला लागले की बघूनच शंका आली, वीस चेकपॉइंट आणि सगळे चार मिनिटांत, रोज. मी रात्री गेले. गार्ड केबिनमध्ये बसलेला, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक पुठ्ठा, त्यावर वीसच्या वीस कोडचे प्रिंट क्रमाने चिकटवलेले, खाली पेनने नावंही लिहिलेली, गेट एक, गेट दोन, डीजी रूम. मी त्याला ओरडले नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, गेट सोडलं की गाडीवाले हॉर्न वाजवतात आणि राऊंड सोडला की ऑफिसमधून फोन येतो, मी एकटा दोन्ही कसं करू?" आणि ते खरंच होतं. दिवसाच्या तीन माणसांच्या साइटवर रात्री एकच माणूस होता आणि राऊंडचं टाइमटेबल मात्र तीन माणसांसाठी बनवलेलं होतं. सॉफ्टवेअरच्या खर्चात हा खर्च कोणी धरत नाही. वीस चेकपॉइंटचा राऊंड नीट चालत मारायला ३० मिनिटं लागत असतील आणि दर दोन तासांनी राऊंड असेल तर बारा तासांच्या शिफ्टमधले तीन तास त्यातच गेले, ते तीन तास गेटवर कोण? ॲप विकत घेण्याआधी हे उत्तर क्लायंटबरोबर बसून काढायला लागतं, नाहीतर आपण पुठ्ठाच विकत घेतोय.

त्यानंतर आम्ही एनएफसी टॅगवर आलो, त्यात फोन जवळ नेला की वाचली जाणारी छोटी चिप असते. त्याचा फोटो काढून उपयोग नाही, फोन टॅगच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावर न्यावा लागतो, आणि टॅगला बॅटरी लागत नाही. पण साधा टॅग लोखंडावर चिकटवला की मरतो, धातूमुळे तो वाचलाच जात नाही. आणि चेकपॉइंट असतात कुठे? लोखंडी दारावर, फायर होजच्या पेटीवर, इलेक्ट्रिक पॅनलवर, शटरवर. आमच्या पहिल्या साइटवर एक गार्ड रात्री होजच्या पेटीला फोन घासतोय, कव्हर काढतोय, परत लावतोय, त्याला वाटतंय आपलंच काहीतरी चुकतंय, आणि तिकडे ऑफिसमध्ये लाल अलर्ट. धातूवर चालणारे वेगळे टॅग येतात, मागे फेराइटचा थर असतो त्यांना, आणि ते साध्या टॅगच्या कितीतरी पट महाग. कोटेशनमध्ये टॅगचा आकडा नेहमी साध्याचा असतो, हे लक्षात ठेवा. साइट फिरून आधी मोजा, किती जागा धातूच्या आहेत, किती पावसात भिजणाऱ्या.

आणि टॅग लावायला माणूस लागतो, त्याचे तास. ४० साइट, प्रत्येकी २० टॅग, झाले ८००. भिंत पुसायची, चिकटवायचं किंवा स्क्रू मारायचा, फोनवर नाव द्यायचं, एकदा स्कॅन करून बघायचं, १० मिनिटं जातातच. ८००० मिनिटं, १३३ तास. हे कोण करणार? विकणारा म्हणतो, "तुमचा सुपरवायझर करेल, सोपं आहे." सोपं आहेच, पण ते १३३ तास सुपरवायझर साइटवर गार्डकडे बघत नसेल ना. आणि नावं नीट द्या हो, प्लीज. "टॅग १४" असं नाव दिलेलं असेल तर सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही ते कुठे आहे, आणि क्लायंटला रिपोर्ट वाचून काही कळत नाही. "बेसमेंट दोन, पंपरूमचं दार" असं लिहायला दहा सेकंद जास्त जातात.

ब्लूटूथ बीकन (भिंतीवर लावायचं, फोनला सिग्नल देणारं छोटं यंत्र) विकणाऱ्यांचं ऐकायला छान वाटतं, फोन खिशातून काढायलाच नको, आपोआप नोंद. पण बीकनमध्ये सेल असतो. ४०० बीकन असतील आणि सेल दोन वर्षं टिकला तरी आठवड्याला सरासरी चार ठिकाणी जाऊन सेल बदलायचे, कायमचे. आणि नुसतं जीपीएस म्हणाल तर मोकळ्या आकाशाखाली फोन पाचेक मीटरपर्यंत जागा बरोबर सांगतो, बेसमेंटमध्ये काहीच सांगत नाही आणि गार्ड तिसऱ्या मजल्यावर आहे की नवव्या ते त्याला कळतच नाही. मोकळ्या प्लॉटला, गोडाउनच्या कंपाउंडला जीपीएस चांगलं, बिल्डिंगमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका. शिवाय ते सतत चालू ठेवलं की फोन रात्री दोनलाच बंद.

फोन हा वेगळाच विषय आहे आणि कोटेशनमध्ये तो नसतोच. पोस्टवरचा फोन तीन शिफ्टमध्ये फिरतो, दिवसाला दीड वेळा तरी पूर्ण चार्ज होतो. फोनची बॅटरी साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे आपल्याकडे ती वेळ अकरा महिन्यांतच आली. घरातला फोन तीन वर्षं चालतो म्हणून पोस्टवरचाही चालेल असं धरलेलं बजेट दुसऱ्या वर्षी कोसळतं. मी आता फोनचं आयुष्य १८ महिने धरते, दहा फोनमागे एक स्पेअर धरते, आणि प्रत्येक फोनला चांगलं कव्हर आणि गळ्यात अडकवायची दोरी. दोरीने जेवढे फोन वाचलेत तेवढे इन्शुरन्सने वाचले नाहीत.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. बऱ्याच कंपन्या हा खर्च वाचवायला ॲप गार्डच्या स्वतःच्या फोनमध्ये टाकतात. त्याचा फोन, त्याची बॅटरी, त्याचा डेटा पॅक, आणि कंपनीच्या एक्सेलमध्ये खर्च शून्य. तो शून्य खोटा आहे. तो खर्च कोणीतरी भरतोय आणि आपल्यातला सगळ्यात कमी पगाराचा माणूस भरतोय. त्याच्या फोनची स्क्रीन राऊंडवर पडून फुटली तर आपण काय करतो? आणि ड्युटी संपल्यावरही ॲप त्याची जागा पाठवत राहिलं तर तो घरी आहे, दवाखान्यात आहे की अजून कुठे, हे आपल्याला कळायचं काहीच कारण नाही. युरोपात तर २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात माणसाच्या लोकेशनची नोंद हा वैयक्तिक डेटाच धरला जातो. स्वतःचा फोन वापरायला लावायचाच असेल तर महिन्याचा ठरलेला भत्ता द्या, पगाराच्या स्लिपवर वेगळ्या ओळीत दिसेल असा, आणि शिफ्ट संपली की लोकेशन बंद होतंय ना ते स्वतः तपासा. तो भत्ता धरून मग दोन्ही हिशोब समोरासमोर ठेवा, कंपनीचा फोन फार महाग वाटत नाही.

छोट्या छोट्या गळती अजून आहेत. अलर्टचे एसएमएस घ्या. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० बसतात, पण देवनागरीत लिहिलं की मर्यादा ७०वर येते. म्हणजे "पेट्रोलिंग राऊंड वेळेत सुरू झालेला नाही, कृपया ताबडतोब गार्डशी संपर्क साधून खात्री करावी" एवढं वाक्य पाठवलं की बिलात दोन मेसेज मोजले जातात. म्हणून मेसेज आखूड ठेवायचे, "राऊंड चुकला, साइट १२, रात्री २:००", झालं. सुपरवायझरकडे नेट असेल तर ॲपचं नोटिफिकेशन पुरतं, एसएमएस फक्त पॅनिक बटणासाठी ठेवायचा.

फोटोचंही तसंच. प्रत्येक चेकपॉइंटला फोटो हवाच असा एका क्लायंटचा हट्ट होता. वीस चेकपॉइंट, रात्रीत सहा राऊंड, १२० फोटो, प्रत्येकी २ एमबी धरला तर रात्रीचे २४० एमबी आणि महिन्याचे सव्वासात जीबी, एका साइटचे. सिमचा डेटा संपतो, सर्व्हरची जागा भरते, मग ठरलेल्या जीबीच्या वर गेलात म्हणून वेगळं बिल येतं. आम्ही फोटो २०० केबीपर्यंत लहान करून घेतला, तोच आकडा महिन्याला ७२० एमबीवर आला. आणि खरं सांगू का, त्या १२० अंधाऱ्या भिंतींचे फोटो कोणी बघत नव्हतं. आता काही वेगळं दिसलं तरच फोटो, कुलूप तुटलंय, पाणी गळतंय, लाइट बंद आहे. ते फोटो लोक बघतात.

ऑफलाइन चालतं का हा प्रश्न खर्चाचाच आहे, तांत्रिक समजून सोडू नका. बेसमेंटला नेट नसतं. ॲपने स्कॅन फोनमध्ये साठवून वर आल्यावर पाठवायला हवा, आणि वेळ स्कॅनची लावायला हवी, पाठवल्याची नाही. आमच्या आधीच्या ॲपमध्ये उलटं होतं. गार्ड २:१० ला खाली गेला, वर येऊन नेट मिळालं २:४० ला, रिपोर्टमध्ये सहा चेकपॉइंट एकाच मिनिटाला स्कॅन केलेले. क्लायंटने एका शिफ्टचे पैसे कापले आणि गार्डला मेमो मिळाला, न केलेल्या चुकीचा. मी तो मेमो नंतर मागे घेतला आणि त्याच्या फाइलमधून काढून टाकला, पण त्याने महिन्याभरात नोकरी सोडली. तो चांगला माणूस होता. डेमोच्या वेळी आता मी फोन एअरप्लेन मोडवर टाकून सगळा राऊंड मारते, मग घड्याळाचं सेटिंग अर्धा तास मागे करून परत मारते, आणि रिपोर्टमध्ये काय येतं ते बघते. फोनची वेळ बदलली आणि रिपोर्टही निमूट बदलला तर तिथेच डेमो संपला.

आता दुसरी बाजू, यातून वाचतं काय. सगळे विकणारे सांगतात वेळ वाचतो. आमच्याकडे आधी प्रत्येक साइटचं रजिस्टर सकाळी बघून कोणीतरी टाइप करायचं, साइटमागे पंधरा मिनिटं, २० साइटचे दिवसाला पाच तास, महिन्याला १५० तास. आणि वरच्या हिशोबाने २० पोस्टचा सॉफ्टवेअरचा खर्च २० गुणिले ७.३, १४६ तास. म्हणजे नुसती टायपिंग बंद झाली तरी खर्च निघाला! (ऑफिसच्या माणसाचा तास आणि गार्डचा तास एकच धरलाय, अंदाजाला चालतं.) कागदावर झकास. प्रत्यक्षात पहिले सहा महिने एकही तास वाचला नाही, कारण क्लायंटला रजिस्टर हवंच होतं, गार्ड रजिस्टरही लिहायचा आणि स्कॅनही करायचा, आणि ऑफिसमधला मुलगा टाइपही करायचा आणि ॲपचा रिपोर्टही काढायचा. काम दुप्पट, खर्च वरून वेगळा. वाचायला सुरुवात झाली कधी, तर मी एकेका क्लायंटकडे जाऊन रजिस्टर बंद करायची परवानगी सहीनिशी घेतली तेव्हा. ती सही मिळणार नसेल तर टायपिंगचे तास बचतीत धरूच नका.

तरीही मी हे सॉफ्टवेअर ठेवते, कारण एका रात्रीचं मला विसरता येत नाही. एका साइटवर पंपरूममध्ये पाइप फुटला, पाणी पॅनलपर्यंत गेलं, नुकसान मोठं झालं. क्लायंटचं म्हणणं, तुमचा गार्ड तिथे रात्रभर गेलाच नाही. नुकसानभरपाई आमच्याकडून घ्यायची तयारी सुरू झाली होती. आमच्या गार्डचं म्हणणं, मी गेलो होतो, सगळं कोरडं होतं. रजिस्टर असतं तर त्याचा शब्द आणि त्यांचा शब्द. रिपोर्टमध्ये पंपरूमच्या दाराचा स्कॅन होता, ३:०५ चा, आणि पुढचा ४:५८ चा, त्याच्यासोबत फोटो, पायापर्यंत पाणी आणि टॉर्चचा उजेड, आणि त्यानंतर दोन मिनिटांनी त्याने मला केलेला कॉल. पाणी त्या दोन तासांत आलं होतं हे समोरच दिसत होतं. प्रकरण तिथे मिटलं. ते गार्ड दादा पन्नाशीचे आहेत, ते रिपोर्टचा प्रिंट हातात धरून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "म्हणजे हे माझ्या बाजूनं पण बोलतं." मी त्यानंतर प्रत्येक ट्रेनिंगला गार्डना हेच सांगते, आणि ट्रेनिंगचे तास पगारी देते, दोन तास प्रत्येकी, खर्चात लिहून.

राहिलं कराराचं. वर्षाचं आगाऊ भरलं की सवलत मिळते, पण पहिल्या वर्षी ती घेऊ नका, दोन-तीन महिने मासिक चालवा, एखाद-दुसऱ्या साइटवर, आणि त्यातली एक तुमची सगळ्यात अवघड साइट घ्या. आपोआप रिन्यू होण्याची अट कुठेतरी असतेच, नोटीस किती दिवस आधी द्यायची ते कॅलेंडरमध्ये आजच लिहा. कमीत कमी इतके लायसन्स घ्यावेच लागतील अशी अट असेल तर क्लायंट गेल्यावर काय, हे विचारा, आमची एक मोठी साइट गेली तेव्हा पुढचे सात महिने तिचे पैसे जात राहिले. सर्व्हर ९९.५ टक्के चालू राहील असं लिहिलेलं असतं, ते वर्षाला जवळजवळ ४४ तास बंद राहू शकतो असं वाचायचं, ९९.९ असेल तर पावणेनऊ तास. क्लायंटला स्वतःचं लॉगिन, रिपोर्टवर आपला लोगो, पगाराच्या सॉफ्टवेअरला हजेरी जोडणं, जुना डेटा एका वर्षाच्या पुढे ठेवणं, यातलं काय रेटमध्ये आहे आणि काय वरून, हे एकेक ओळ करून लिहून घ्या, कारण डेमोत सगळंच दाखवतात.

आणि सोडून जायचं झालं तर डेटा कसा मिळणार. आम्ही पहिल्या कंपनीकडून बाहेर पडलो तेव्हा आमचं तीन वर्षांचं रेकॉर्ड त्यांनी दिलं, नाही असं नाही, हजारो पानांच्या पीडीएफमध्ये, तीही चित्र म्हणून, शब्द शोधता येत नाही अशी. वर्षभरानंतर एका जुन्या क्लायंटला एका जुन्या रात्रीचे राऊंड हवे होते, त्यांच्या इन्शुरन्सच्या कामासाठी. ऑफिसमधली दोन मुलं दीड दिवस पानं उलटत बसली, २४ तास गेले, आणि ती रात्र सापडली तेव्हा त्या साइटचं नाव होतं टॅग ७, टॅग ८, टॅग ९. आता सही करण्याआधी मी ट्रायल साइटचा डेटा एक्सपोर्ट करायला सांगते, माझ्यासमोर, आणि शीटमध्ये उघडून बघते. तारीख, वेळ, चेकपॉइंटचं पूर्ण नाव, गार्डचं नाव, स्कॅन कधी झाला आणि सर्व्हरला कधी पोचला, हे सहाच्या सहा कॉलम वेगवेगळे दिसले की मगच पेन काढते.